सतरावा रकाना

थोरल्या बाई दुसरीच्या वर्गावर आल्या तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि वर्गाच्या खिडक्यांना काचा होत्या. आता दोन्ही गेलं होतं. छत्तीस वर्षं तोच वर्ग. पोरं दरसाल वर जात आणि बाई तिथल्या तिथं, रहाटाला जुंपलेल्या जनावरासारख्या. अंगानं आडव्या होत्या, गुडघे कामातून गेले होते, आणि निवृत्तीला सत्तावीस दिवस उरले होते. कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दिवस नका विचारू. जिने विचारा. अजून चौपन्न वेळा चढायचाय."

वाचन घ्यायची त्यांची एक रीत होती. पोर फळ्यापाशी उभं राहून वाचायचं आणि बाई सगळ्यात मागं, कपाटाला पाठ लावून, डोळे मिटून ऐकायच्या. नव्यानं आलेल्या पोराला वाटायचं, म्हातारी झोपली. ते जरा सैल सुटलं की मागून आवाज यायचा, "दुसरा बाक, तोंडातला खडू काढ. आणि तू, वेलांटी खाल्लीस, परत वाच." डोळे उघडायचेच नाहीत. एक मात्रा सुटली तरी त्यांना कळायचं. सगळी शाळा त्यांच्या कानाला भ्यायची.

त्या साली वरून नवा तक्ता आला. भाषेच्या अध्ययन निष्पत्ती, म्हणजे वर्षाअखेर पोराला काय काय यायला हवं त्याची यादी. एका पोरामागं अठ्ठावीस निष्पत्ती. 'ऐकलेल्या गोष्टीविषयी प्रश्न विचारते.' 'आपल्या आवडीनिवडी वाक्यात मांडते.' 'चित्रावरून अंदाज बांधते.' प्रत्येकीपुढं चौकोन, चौकोनात 'हो' किंवा 'नाही'. वर्गात एक्केचाळीस पोरं. शिपाईमामांनी गुणाकार केला आणि अकराशे अठ्ठेचाळीस म्हणाले, तेव्हा बाई खुर्चीत बसल्या त्या बसल्याच.

"ज्यानं हे लिहिलंय ना मामा, त्यानं एक्केचाळीस पोरांना एकदम शू लागलेली कधी बघितली नसणार."

"रजेचा दिवस आहे की उद्या, बाई. भरून टाका घरी."

भरला घरीच. बाईंनी कोमट पाण्याच्या बादलीत पाय सोडले, डोळे मिटले, आणि यजमानांनी टेबलावर तक्ता पसरून पट्टी घेतली. त्यांचा जन्म टपालाच्या छाननीत गेलेला. चौकोन दिसला की त्यांच्या हाताला हुरूप येई.

"बारावा नंबर. प्रश्न विचारतो का?"

"नुसते प्रश्नच विचारतो. हो."

"आवडीनिवडी?"

"मारामारी आवडते. हो."

"वाक्यात मांडतो का, असं आहे."

"अहो, हो टाका. पाणी गार व्हायला लागलं."

असं करत ते सतराव्या रकान्याशी आले. यजमानांनी चष्मा सावरून वाचलं, "अपरिचित मजकूर ओघाने व योग्य विराम घेऊन वाचते." या रकान्यात बाईंनी जरा वेळ घेतला. पोरागणिक त्याचा आवाज कानात आठवून बघितला. तिघांसाठी 'हो' म्हणताना जीभ जड झाली, पण ती अडखळत का होईना, अक्षर अक्षर फोडून वाचणारी पोरं होती. बाईंनी हो म्हटलं.

"एकोणतीस?"

"रेडिओ? तिला काय विचारता. सगळीकडे हो ओढा वरपासून खालपर्यंत."

रेडिओ हे त्या पोरीचं वर्गातलं नाव. आठ वर्षांची, किडमिडी, कान मोठे. आई कपडे शिवायच्या कारखान्यात काजं करायची, आणि मोठी बहीण याच शाळेत चौथीत होती. पोरगी वाचायला उभी राहिली की बातम्या लागल्यासारखं वाटायचं. कुठं थांबायचं, कुठं आवाज चढवायचा, सगळं जागच्या जागी. तिचं वाचन ऐकताना बाईंना पाय दुखत असल्याचा विसर पडायचा, आणि एवढी मेहरबानी त्यांच्यावर दुसरं कुणी करत नव्हतं.

यजमानांनी पट्टी लावली आणि अठ्ठावीस वेळा 'हो' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी तक्ता हेडसरांकडे गेला. सतराव्या रकान्यात एक्केचाळीसपैकी एक्केचाळीस. हेडसर खुर्चीतून उठले. त्यांची बारा वर्षांची हेडमास्तरकी पत्र्यांच्या आणि संडासाच्या तक्रारींत गेली होती, अशी गोष्ट त्यांच्या टेबलावर कधी आली नव्हती. त्यांनी त्याच दुपारी रंगाऱ्याला बोलावलं, आणि फाटकाशेजारच्या भिंतीवर निळ्या पट्टीत पांढरी अक्षरं आली: 'इयत्ता दुसरी. वाचनात शंभर टक्के.'

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला.

शाळेत वाचनाची कार्डं होती, वरूनच आलेली, एकूण आठ. प्रत्येकावर चार-पाच ओळींचा उतारा, चित्र नाही, कोपऱ्यात आकडा. पहिल्या नंबराला पहिलं कार्ड, आठव्याला आठवं, नवव्याला पुन्हा पहिलं, असा फेरा चालायचा. सहा वर्षं तोच फेरा. तपासणीला साहेब येणार म्हणून बाई सराव घेत होत्या. मधेच पंख्याच्या वाऱ्यानं टेबलावरची कार्डं उडाली. शिपाईमामांनी ती गोळा केली आणि पुढच्या पोरीच्या हातात वरचं कार्ड दिलं. ती पोरगी रेडिओ होती. एकोणतिसाव्या नंबराला पाचवं कार्ड यायला हवं. आलं तिसरं. पण तिसऱ्या कार्डाचा कोपरा उंदरानं खाल्लेला, तिथं मामांनी कोरा कागद डकवलेला, त्यामुळं त्याच्यावर आकडाच नव्हता.

रेडिओनं कार्ड छातीशी धरलं आणि लावलं, "कोंबडी अंगणात आली. तिच्यामागे सात पिल्ले होती. सातवे पिल्लू मागे राहिले. कोंबडी थांबली." शेवटाला आवाज असा खाली आणला की कोंबडी खरंच थांबली.

बाई कपाटाशी डोळे मिटून खूश होत्या. "शाब्बास. ठेव कार्ड." पोरीनं जाता जाता कार्ड त्यांच्याच हातात दिलं. बाईंनी ते सहज डोळ्यांपुढं धरलं. कार्डावर नावाडी होता. नावाडी, वल्हं, पलीकडचा काठ. कोंबडी औषधालाही नव्हती.

बाईंना वाटलं, आपल्यालाच चक्कर आली. त्यांनी कार्ड परत दिलं. "एकदा परत वाच गं."

पोरगी परत उभी राहिली. बोट ओळीखालून नीट सरकत होतं. डोळेही सरकत होते. आणि नावाड्याच्या वल्ह्यावरून कोंबडी सात पिल्लं घेऊन अंगणात आली.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला जवळ घेतलं. रागावल्या नाहीत, रागवायलाही ताकद लागते. "हे तुला कुणी शिकवलं?"

"ताईनं. ताई दुसरीत होती ना, तेव्हा घरी म्हणायची रोज. मला आठही येतात. म्हणून दाखवू?"

"आणि कार्डावर काय लिहिलंय ते?"

"आकडा बघायचा. पाच असला की कोंबडी. आज आकडाच नव्हता, पण मला नेहमी पाचच येतं."

"अक्षरं नाही बघायची?"

पोरीनं त्यांच्याकडं असं बघितलं, जणू बाई काहीतरी खुळचट विचारतायत. "बघते की. बघत बघतच म्हणायचं असतं ना? सगळे तसंच करतात."

खोटेपणा नव्हता तिच्यात, तिळाएवढाही नव्हता. कागदाकडं बघायचं, बोट सरकवायचं आणि पाठ असलेलं म्हणायचं, यालाच वाचन म्हणतात अशी तिची प्रामाणिक समजूत होती. दोन वर्षांत ती कुणी मोडली नव्हती, कारण दोन वर्षं सगळे तिला शाब्बास म्हणत होते. सुटी अक्षरं अर्धीअधिक ओळखायची ती. त्याला काना लागला, वेलांटी लागली, की ओळखीचं माणूस दाढीमिशा लावून आल्यासारखी गोंधळायची.

बाईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. त्यांना मागल्या वर्षीचा दवाखाना आठवत होता. खिडकीशी एक दाढीवाला माणूस भेटला होता. "बाई, ओळखलंत? तुमच्याच वर्गातला. जरा एवढा कागद वाचता का, चष्मा घरी राहिला." बाईंनी वाचून दाखवलं. तपासणीला उपाशीपोटी या, असं लिहिलं होतं, आणि तो पोटभर जेवून आला होता. त्याच्या नाकावर चष्म्याचा वळ नव्हता. बाईंना त्याचं तोंड आठवलं नव्हतं, आवाज आठवला होता. खणखणीत वाचायचा पोरगा. त्याच्या प्रगतिपुस्तकात 'वाचन: उत्तम' त्यांनीच लिहिलं होतं, मागं उभं राहून, डोळे मिटून.

त्या हेडसरांकडे गेल्या.

"सतराव्या रकान्यात एकोणतीस नंबरला 'नाही' करायचंय."

हेडसरांनी पेन खाली ठेवलं. "बाई, भिंत रंगवून झाली."

"तिला वाचता येत नाही."

"रेडिओला? अहो, पालकांच्या सभेत आपण तिला उभी करतो!"

"तेच तर."

हेडसरांनी दार लोटून घेतलं. "बाई, तुमचे किती दिवस राहिले? चोवीस. सुखानं जा की. एका पोरीसाठी कशाला? शिकेल वरच्या वर्गात."

"वरच्या वर्गात कोण शिकवणार तिला? 'नाही' असलं तरच तिसरीत जादा तास मिळतो, रोज एक, वेगळ्या मास्तरांकडं. 'हो' असलं की तिला जन्मात कुणी परत विचारणार नाही. मला एकटीला ठाऊक आहे, आणि मी घरी बसणार."

"मी सांगेन ना तिसरीच्या बाईंना."

"तुमची बदली झालीय, सर. शिपाईमामांनी सांगितलं."

हेडसरांनी नियमांची फाइल काढली, दोन पानं उलटली आणि त्यांचा चेहरा जरा उजळला. दिलेला 'हो' बदलायचा तर साहेबांनी स्वतः त्या मुलाचं वाचन ऐकून सही करायची, असा नियम होता. "मग असं करू. साहेब येतायत दहा दिवसांनी. ऐकू द्या त्यांनाच. कार्ड ऐकून त्यांना 'हो' वाटलं तर 'हो'. तुमच्या माझ्या हातात काय आहे?"

बाई काय ते समजल्या. साहेब कार्ड देणार, कार्डाला आकडा असणार, आणि रेडिओ लागणार. त्या जिना उतरताना प्रत्येक पायरीवर थांबल्या.

दहा दिवसांत सुट्ट्या वगळून शाळेचे आठ दिवस. शाळा सुटली की अर्धा तास पोरगी बाईंपाशी. कार्डं त्यांनी कपाटात टाकून कुलूप लावलं. मग वाचायला काय? जे कुणी पाठ केलेलं नाही ते. दारावरचं 'ढकला'. वाळूच्या बादलीवरचं 'आग'. औषधाच्या पेटीवरचं, खडूच्या खोक्यावरचं, मामांच्या सायकलच्या मडगार्डवरचं. पहिल्या दिवशी पोरीनं बादलीकडं बघून धडाधडा "पाणी!" म्हटलं.

"कशावरून?"

"बादली आहे ना."

"बादली नको वाचू. अक्षर वाच."

दुसऱ्या दिवशी ती रडली. तिसऱ्या दिवशी भांडली. "मला येतं! तुम्हीच शाब्बास म्हटलं होतं!" बाई म्हणाल्या, "म्हटलं होतं. माझं चुकलं." मोठ्या माणसाच्या तोंडून असलं काही ऐकायची पोरीला सवय नव्हती. ती बिचकली आणि 'ख'ला काना लावला की काय होतं ते बघायला लागली.

बाईंचीही वेगळीच हजामत होत होती. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या पोराच्या शेजारी बसल्या होत्या, कपाटाशी नाही. डोळे उघडे ठेवून. बोट कुठं आहे आणि तोंड कुठं आहे, एवढंच बघायचं. "बोट पुढं गेलं नाही तर तोंडानं पुढं जायचं नाही," हा एकच नियम. बाक छोटा, त्यात गुडघे मावेनात, उठताना मामांना हाक मारावी लागायची.

"बाई, एवढं कुणासाठी करताय?" मामा हात देत म्हणाले.

"मामा, करते म्हणून कुणी सांगितलं? बसलेय तशी उठता येत नाही म्हणून बसलेय."

घरी यजमान म्हणाले, "माझंच चुकलं. पट्टी लावून ओढत गेलो."

"तुमचं काय चुकलं? तुम्ही विचारत होतात. मीच बादलीत पाय घालून बसले होते."

सहाव्या दिवशी पोरीनं खडूच्या खोक्यावरचं 'सावध हाताळा' वाचलं. चार मिनिटं लागली. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "म्हणजे हळू धरायचं?" बाईंनी मान हलवली. तेवढं एकच वाक्य तिनं त्या आठवड्यात आपण होऊन समजून घेतलं. बाकी सगळा चिखल तुडवणं होतं.

साहेब आले ते घामाघूम. तरुण माणूस, त्या दिवशीची ही तिसरी शाळा. बाईंनी आधीच गाठून सांगितलं, "साहेब, कार्डं तिला पाठ आहेत. दुसरं काहीही द्या. हे वर्तमानपत्र द्या."

साहेबांनी हळहळून मान हलवली. "कळतंय, बाई. पण कार्डाबाहेरचं धरत नाहीत. मलाच विचारतील."

त्यांनी सोबत आणलेल्या गठ्ठ्यातून एक कार्ड काढलं. कोपऱ्यात ठळक पाच. हेडसरांनी खिडकीतून बाहेर बघितलं आणि हळूच सुस्कारा टाकला.

बाई सवयीनं कपाटाशी जाऊन उभ्या राहिल्या. डोळे मिटायला गेल्या, पण मिटले नाहीत. पोरीला त्यांनी काही सांगितलं नव्हतं. काय सांगणार? येत असलेलं म्हणू नकोस, असं कुठल्या तोंडानं सांगायचं?

"कोंबडी अंगणात आली तिच्यामागे सात..." रेडिओ लागला. खणखणीत. आणि मधेच बंद पडला.

पोरगी कार्डाकडं बघत होती. तोंड 'सात'वर होतं आणि बोट अजून 'अंगणात'च्या 'अं'वर. पूर्वी तिचे डोळे असेच नुसते सरकायचे, रस्त्यावरून चालताना भिंती सरकतात तसे. आता ते अक्षरावर अडकत होते. पाठ असलेलं ओठांवर येऊन थांबलं होतं, आणि डोळे मधे तंगडी घालत होते. तिनं बोट उचललं, ओळीच्या सुरुवातीला नेलं.

"को... कों... ब... डी. कोंबडी."

साहेबांनी मान वर केली. "बाळ, आत्ता छान वाचत होतीस की. तसंच वाच."

"थांबा," पोरगी म्हणाली. साहेबांना. हेडसरांनी डोळ्यांवर हात ठेवला. "अं... ग... णा... अंगणात."

चार ओळींना सात मिनिटं लागली. 'पिल्ले'तल्या जोडाक्षराशी ती इतका वेळ झगडली की साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. बोटाच्या पुढं तोंड एकदाही गेलं नाही. शेवटी "थां... ब... ली" म्हणून ती थांबली आणि घामेजलेलं बोट तिनं फ्रॉकला पुसलं. आवाजात चढउतार नव्हता, विराम होते ते सगळे चुकीच्या जागी. इतकं वाईट वाचन त्या वर्गात कैक दिवसांत झालं नव्हतं.

साहेबांनी तक्ता ओढला. सतराव्या रकान्यातला 'हो' खोडला, 'नाही' लिहिलं, सही केली, आणि शेऱ्यात दोन शब्द टाकले: 'फार अडखळते.' मग बाईंकडं बघून चाचरत म्हणाले, "बाई, खरं सांगू का, पहिल्यांदा म्हणत होती तसंच पुढं म्हटलं असतं तर मी 'हो' दिला असता."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "बरं झालं."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना रंगारी डबा घेऊन आला होता. हेडसर त्याच्याशेजारी उभे होते, बाईंना बघून त्यांनी पाठ फिरवली. रंगाऱ्यानं 'शंभर टक्के' वर निळा हात फिरवला आणि आता काय लिहायचं ते विचारलं. हेडसर म्हणाले, "काही नको. तसंच राहू दे."

पोरगी फाटकाशी बाईंची वाट बघत होती. दप्तर पोटाशी धरलेलं. "बाई, मी नापास झाले का?"

"नाही. तिसरीत तुला रोज जादा तास आहे."

"म्हणजे मला येत नाही."

"नीट येत नाही अजून. येईल." बाई घाईत होत्या. बस पाचला होती आणि कोपऱ्यापर्यंत चालायला त्यांना दहा मिनिटं लागत. "चल, जा घरी. ताई थांबली असेल."

पोरगी गेली नाही. ओल्या भिंतीकडं बघत होती. मग बोट वर केलं, भिंतीला न लावता, आणि पहिल्या अक्षराखाली धरलं.

"इ... य..."

बाईंनी रस्त्याकडं बघितलं. मग फाटकाशेजारच्या ओट्यावर हळूहळू, एक हात गुडघ्यावर देत, खाली बसल्या. रंगाऱ्यानं शिडी बाजूला घेतली. पोरगी 'इयत्ता'वर अडली, सुटली, 'दुसरी'वर आली. 'वाचनात'ला तिनं तीनदा परत सुरुवात केली. तेवढ्यात कोपऱ्यावरून बस गेली. पुढची चाळीस मिनिटांनी होती.

"पुढं काय आहे, बाई?"

"पुढं पुसलंय. मागचं परत वाच."